दादरच्या जागी वडाळा का येतं?

प्रश्न : मॅडम, सी भाषेतल्या प्रोग्राममध्ये लोकलच्या स्टेशनांची फाइल वाचतोय. 'दादर,कुर्ला,ठाणे' आणि खाली 'वडाळा,चेंबूर,वाशी'. एफगेट्सने ओळ बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) घेतो, स्ट्रटोकने स्वल्पविरामावर तोडतो, मिळालेले पॉइंटर (मेमरीतले पत्ते) ॲरेत, म्हणजे यादीत, ठेवतो. शेवटी छापलं की दादरच्या जागी वडाळा आणि कुर्ल्याच्या जागी कचरा. मॅलॉक (वेगळी मेमरी मागून घेणं) हवं होतं का? – एक विद्यार्थी, विक्रोळी

उत्तर : हवं होतं. पण आधी वही काढ आणि बफरचे बाइट चौकोनांत मांड. स्ट्रटोक तुकड्यांची नक्कल करत नाही. ते स्वल्पविराम पुसून तिथे शून्य बाइट (मजकूर इथे संपला अशी खूण) ठेवतं आणि त्याच बफरमधला पत्ता तुला देतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. 'दादर' म्हणजे द, काना, द, र : १२ बाइट, वर एक शून्य. म्हणून कुर्ल्याचा पत्ता बफरच्या सुरुवातीपासून १३ बाइट पुढे. मग त्याच बफरमध्ये दुसरी ओळ आली. 'वडाळा' आहे १५ बाइटांचं, त्यामुळे तोच जुना पत्ता आता शेवटच्या कान्याच्या दुसऱ्या बाइटवर पडतो. अर्धं चिन्ह छापलं जातं. तुझा कचरा तो हाच.

नोकरीच्या पहिल्या वर्षी फोर्टमधल्या एका ऑफिसात मी हे भोगलंय. एका ग्राहकाच्या नावापुढे दुसऱ्याच्या घरचा पत्ता छापून गेला, आणि प्रोग्राम कुठेही क्रॅश झाला नाही. सेगमेंटेशन फॉल्ट (भलत्या मेमरीला हात लावला की प्रोग्राम बंद पडणं) परवडला, तो निदान ओरडून सांगतो.

तेव्हा प्रत्येक तुकड्यासाठी लांबी अधिक १ एवढी जागा मॅलॉकने घे, नल (जागा मिळाली नाही याची खूण) तर आला नाही ना ते बघ, मग स्ट्रकॉपीने मजकूर उतरव. तो १ शेवटच्या शून्याचा. दादरला १३ लागतात. स्ट्रडप हेच काम एका ओळीत करतं, आणि सी२३पासून ते मानक सीमध्येही आलंय. फ्री करताना (मेमरी परत देताना) आधी एकेक तुकडा, मगच ॲरे, तोही मॅलॉकने घेतला असेल तरच. उलट केलंस तर तुकड्यांचे पत्तेच हरवतील. स्ट्रटोकने दिलेला पत्ता मात्र कधीच फ्री करू नकोस, तो मॅलॉककडून आलेला नाही.

आणखी एक. फाइलमध्ये 'दादर,,ठाणे' असं असेल तर स्ट्रटोक दोन्ही स्वल्पविराम एकच धरतं आणि ठाणे कुर्ल्याच्या रकान्यात सरकतं. रिकामे रकाने जपायचे असतील तर लिनक्सवर स्ट्रसेप वापर.

झालं की व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली चालव. मेमरीचा एकही ब्लॉक फ्री न होता अडकलेला दिसला, तर प्रोग्राम आणि फाइल दोन्ही पाठव, मी बसून बघते.