एक्स-रेमधलं ‘मेंटल फोरामेन’

प्रश्न असा आहे: खालच्या दातांच्या एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये ‘उपदाढेच्या मुळाजवळ काळसर गोल भाग, मेंटल फोरामेन, नॉर्मल’ असं लिहून आलं आहे. यातल्या ‘मेंटल’चा मनाशी किंवा मेंदूशी काही संबंध आहे का? आणि मराठीत याला काय म्हणावं?

मनाशी काहीही संबंध नाही. लॅटिनमध्ये दिसायला सारखे, पण अर्थाने वेगळे असे दोन शब्द आहेत. एक ‘मेन्स’, म्हणजे मन. षष्ठीत त्याचं ‘मेन्टिस’ होतं. हा आपल्या ‘मनस्’चा भाऊबंद. दुसरा ‘मेन्टुम’, म्हणजे हनुवटी. तो ‘पुढे येणे, उंचावणे’ अशा अर्थाच्या धातूपासून आला असं मानतात; डोंगराला असलेला ‘मॉन्स’ हा लॅटिन शब्दही त्याच कुळातला. इंग्रजीत येईपर्यंत दोन्हींची विशेषणं ‘मेंटल’ होऊन बसली, तीही अगदी स्पेलिंगसकट. आपल्या बोलण्यात तर ‘मेंटल’ म्हणजे थेट वेडा, त्यामुळे रिपोर्टमध्ये तो शब्द दिसला की माणूस चपापणारच. पण जबड्याविषयी वाचताना ‘मेंटल’ आलं की हनुवटीच समजायची. खालचा ओठ आणि हनुवटी वर ढकलणाऱ्या स्नायूचं ‘मेंटालिस’ हे नावही त्यातलंच.

‘फोरामेन’ म्हणजे हाडातलं भोक; हा शब्द ‘भोक पाडणे’ या अर्थाच्या ‘फोरारे’ या लॅटिन क्रियापदावरून आला. खालच्या जबड्याच्या हाडातून एक मोठी नस आतल्या आत पुढे येते. उपदाढांच्या आसपास तिची एक शाखा या भोकातून हाडाबाहेर पडते आणि खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना पुरवते. खालची दाढ काढण्यासाठी मागे इंजेक्शन दिलं की ओठही बधिर होतो, तो याच नात्यामुळे.

एक्स-रेमध्ये दाट हाड किरणं अडवतं म्हणून पांढरं दिसतं. पोकळीतून किरणं आरपार जातात, म्हणून ती काळी दिसते. घोटाळा होतो तो इथेच, कारण दात किडून मुळाच्या टोकाशी हाड झिजलं तर तिथेही असाच काळा गोल उमटतो. मग डॉक्टर नेमकं काय बघतात? निरोगी मुळाभोवती एक बारीक पांढरी रेघ असते, तिला ‘लॅमिना ड्युरा’ म्हणतात. मुळाच्या टोकाशी आजार असेल तर ही रेघ तिथे तुटते किंवा पुसट होते. नुसत्या फोरामेनची छाया मुळावर पडली असेल तर रेघ त्या काळ्या गोलातूनही अखंड जाताना दिसते. तरीही शंका उरली तर ट्यूबचा कोन बदलून दुसरा फोटो घेतात. फोरामेन हाडाच्या गालाकडच्या बाजूला असल्यामुळे दुसऱ्या फोटोत ते मुळापासून सरकलेलं दिसतं. मुळालाच चिकटलेला दोष मुळाला सोडून जात नाही.

आता मराठी शब्द. ‘मानसिक छिद्र’ असं कुठे वाचलंत तर ते सरळ चूक समजा. ‘भोक’ म्हटलं की काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं, आणि ‘छिद्र’ला ‘छिद्रान्वेषी’मधला उणेपणाचा वास आहे. मला ‘रंध्र’ हाच शब्द योग्य वाटतो. संस्कृतात त्यालाही ‘दोष, कच्चा दुवा’ असा अर्थ आहे, पण मराठी कानाला नासारंध्र, रोमरंध्र, ब्रह्मरंध्र हेच शब्द ओळखीचे, आणि ही सगळी शरीराची स्वतःची द्वारं आहेत. रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेल्या माणसाला शब्दातूनच एवढं कळलं तर फार बरं.

मात्र ‘हनुरंध्र’ म्हणू नये. ‘हनु’ म्हणजे अख्खा जबडा. आयुर्वेदातला ‘हनुग्रह’ म्हणजे जबडा धरणे. आणि जबड्याच्या मागच्या भागात, आतल्या बाजूला, ‘मँडिब्युलर फोरामेन’ नावाचं दुसरंच रंध्र आहे. नस तिथून हाडात शिरते. ‘हनुरंध्र’ हे नाव त्याच्यासाठी राखून ठेवावं आणि ओठाकडची शाखा जिथून बाहेर पडते त्याला ‘हनुवटीरंध्र’ म्हणावं. ‘चिबुकरंध्र’ही बरोबरच आहे, पण ‘चिबुक’ आता बोलण्यात राहिलेला नाही.

असाच फसवणारा आणखी एक शब्द समोरच्या खालच्या दातांच्या एक्स-रेमध्ये भेटतो. मुळांच्या खाली, मधोमध, पांढरं कडं आणि त्यात काळा ठिपका दिसतो. त्या कड्याला ‘जिनिअल ट्यूबर्कल्स’ म्हणतात. जबड्याच्या आतल्या अंगाला जिभेचे स्नायू जिथे चिकटतात ते हे उंचवटे. मधला ठिपका म्हणजे तिथलं एक छोटं रंध्र. हे ‘जिनिअल’ म्हणजे इंग्रजीतलं ‘प्रसन्न, मनमिळाऊ’ नव्हे. ग्रीकमध्ये ‘गेनेइऑन’ म्हणजे हनुवटी. ते ‘गेनुस्’ म्हणजे जबडा या शब्दावरून आलं, आणि ‘गेनुस्’ हा आपल्या ‘हनु’चा आणि इंग्रजी ‘चिन’चाही सगोत्र आहे. म्हणून यांना ‘हनुवटीचे उंचवटे’ म्हणायला हरकत नाही.