आधी ऊब, मग हात

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बिअर्डेड ड्रॅगन सकाळी हातावर निमूट बसतो आणि दुपारी तोच हात पेटीत गेला की गळ्याखालची दाढी काळी करून कोपऱ्यात पळतो, याचं तुला कोडं पडलंय. उत्तर त्याच्या स्वभावात शोधू नकोस, थर्मामीटरवर शोध. लातुरात जानेवारीच्या पहाटे खोली चांगलीच गार पडते. रात्रभर गारठलेल्या सरड्याचे स्नायू नीट चालत नाहीत, त्यामुळे पळावंसं वाटलं तरी त्याला पळता येत नाही. दुपारी अंग तापलं की मग तो पळतो. म्हणजे सकाळी तो माणसाळलेला नव्हता, दुपारी बिथरलेलाही नाही. भीती दोन्ही वेळा तीच आहे. हे एकदा नीट ध्यानात घेतलंस की पुढचं सगळं सोपं होईल.

म्हणून पहिला नियम असा की दिवा लागल्यापासून तास-दीड तास त्याला हात लावायचा नाही. शेकायच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश, पेटीची थंड बाजू २५ ते २९ अंश. हे हवेचं नाही, दगडाचं तापमान आहे, म्हणून ते इन्फ्रारेड गननेच, म्हणजे न टेकवता तापमान दाखवणाऱ्या थर्मामीटरनेच मोज. कोरोनात घेतलेली कपाळावर धरायची गन इथे चालत नाही, ती माणसाच्या तापाच्या पट्ट्यापुरतीच असते. कारखान्यात वापरतात तसली घे. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी नळी पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीची हवी आणि वर्षाला बदलायची. ती जळताना दिसते, पण तिचा यूव्हीबी आधीच उतरलेला असतो. तिच्या आणि सरड्याच्या मध्ये काच नको. काचेतून यूव्हीबी जात नाही, त्यामुळे खिडकीशी पेटी ठेवून भागत नाही.

हाताळण्याच्या पत्रात दिव्यांचं एवढं का, असं वाटेल. यूव्हीबी आणि कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ होतात. बोटं थरथरतात, जबडा दाबल्यावर रबरासारखा लागतो, पाय वाकडे पडतात. असल्या जनावराला प्रेमानं उचललं तरी हाड मोडू शकतं. ही लक्षणं दिसली तर हाताळणं बंद आणि आधी डॉक्टर.

आता तो काय सांगतोय ते वाचायला शीक. हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला प्राणी, आणि तिथे त्याचा मोठा शत्रू आकाशातून येतो. त्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो. तो प्रकाश आणि सावली ओळखणारा तिसरा डोळा आहे. त्याला चित्र दिसत नाही, पण वरून काही आलं हे लगेच कळतं. तुझी पेटी जमिनीवर आहे आणि झाकण वर उघडतं, असं तू लिहिलंस. म्हणजे तुझा हात रोज शिकारी पक्ष्याच्या वाटेनं येतो. पेटी टेबलावर, तुझ्या छातीच्या उंचीवर ठेव, आणि जमल्यास पुढून सरकणारी काच बसवून घे. एवढ्या एका बदलानं बऱ्याच सरड्यांची काळी दाढी आठवड्याभरात उतरते.

दाढी काळी आणि फुगलेली, अंग चपटं केलेलं, तोंड उघडं: ‘दूर हो’. पण दिव्याखाली शांत बसून तोंड उघडं ठेवलं असेल तर तो जास्तीची उष्णता बाहेर टाकतोय, त्याला राग समजू नकोस. पोटावर गडद लांबट ठिपके उठले तर ताण आहे किंवा अंग थंड आहे. एक पाय हळूच गोल फिरवणं हा नमस्कार नाही, ‘मी लहान आहे, मला मारू नका’ असं तो म्हणतो. मोबाईलवर ज्यांचे व्हिडिओ कौतुकानं फिरतात त्यातले कितीतरी सरडे असे विनवणी करत असतात. आणि सगळ्यात फसवं म्हणजे थोपटताना डोळे मिटणं. लोक त्याला सुख समजतात. पुष्कळदा तो नकोसा स्पर्श बाहेर ठेवायचा प्रयत्न असतो. डोळे उघडे, श्वास संथ, अंगाचा रंग नेहमीचा, जीभ मधूनमधून तुझ्या हाताला लागते आहे, ही खरी स्वस्थतेची खूण. जिभेनं तो वास घेतो, तुला ओळखतो.

कुत्र्यासारखं प्रेम याच्याकडून मागू नकोस. त्याला जमतं ते एवढंच की या वासाच्या, या हाताकडून मला धोका नाही, उलट ऊब आणि खाणं मिळतं. मला ते कमी वाटत नाही.

नव्यानं सुरुवात कर. पहिले दहा दिवस उचलायचं नाही. रोज एकाच वेळी, तो शेकून झाल्यावर, हात धुऊन पेटीच्या तळावर आडवा ठेव, त्याच्यापासून वीतभर अंतरावर, आणि पाच मिनिटं हलवू नकोस. साबण बिनवासाचा. बोटांना लाल-पिवळं नेलपॉलिश नको, त्याला ते खाणं वाटतं आणि चावा बसतो. तो जवळ आला तर येऊ दे, नाही आला तर हात काढून घे.

दुसऱ्या टप्प्यात खाणं आण. बोथट टोकाच्या लांब चिमट्यानं एक अळी त्याच्या तोंडासमोर, जरा बाजूनं धर. रोज अंतर कमी करत शेवटी अळी तळव्यावर ठेव. मराठवाड्यातल्या माणसाला इथे एक सोय आहे, ती पुण्या-मुंबईच्या लोकांना सहज मिळत नाही. बीड-जालन्याकडे तुतीचे मळे आणि रेशीम कीटकांची संगोपनगृहं भरपूर आहेत. रेशीम अळी मऊ, पाणीदार असते, कवच नसतं, त्यामुळे पचायला हलकी. पण संगोपनगृहात अळ्यांवर निर्जंतुक पावडर धुरळतात, म्हणून थेट खायला घालू नकोस. लहान अळ्या आणून, फवारणी न झालेल्या तुतीच्या पाल्यावर आठवडाभर घरी वाढव, मग दे. तोच कोवळा पाला बारीक चिरून त्यालाही चालतो. कुठलाही किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. लहान वयात बहुतेक जेवणांना कॅल्शियमची पूड लावायची.

शेतातून किडे पकडून आणायचे नाहीत. कापूस, सोयाबीन, तुरीवर काय फवारलंय हे बांधावर उभं राहून कळत नाही. बाजरीवरचे हिंगे नावाचे भुंगेरे विषारी असतात. आणि काजवा तर कधीच नाही, एक काजवासुद्धा याचा जीव घेऊ शकतो. मृगाच्या आधी रात्री खिडक्या उघड्या असतील तर पेटीत काजवा शिरला नाही ना, हे बघून झोप. भाज्यांत लाल भोपळा, शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं चांगली. पालक, चुका आणि घोळ यांत ऑक्झलेट जास्त, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून टाळ.

तळव्यावरून खायला लागला की मग स्पर्श. खांद्याला, बरगडीला, हनुवटीखाली. डोक्यावर हात सगळ्यात शेवटी.

उचलायची रीत अशी. हात समोरून किंवा बाजूनं, त्याला दिसेल असा आण. चार बोटं छातीखाली, पुढच्या पायांच्या मागे सरकव. दुसरा तळवा मागच्या पायांखाली आणि शेपटीच्या मुळाखाली. चारही पाय कशावर तरी टेकलेले हवेत. अधांतरी पाय राहिले की तो हातपाय झाडतो. वरून चिमटीत धरायचं नाही, शेपटी तर धरायचीच नाही. पालीची शेपटी तुटली की पुन्हा येते, याची येत नाही. नखं टॉवेलच्या किंवा स्वेटरच्या धाग्यात अडकली तर ओढू नकोस, एकेक नख मोकळं कर. ओढलं की बोटाचा सांधा निखळतो.

सुरुवातीला जमिनीवर सतरंजी टाकून बस आणि तिथेच हाताळ. हातातून उडी मारली तरी वीतभरच पडेल. खांद्यावर घेऊन घरभर फिरणं निदान काही महिने नको; उभ्या माणसाच्या खांद्यावरून पडून पाय मोडलेले सरडे डॉक्टरांकडे येतात. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, मग दहा, पुढे पंधरा-वीस. तो वळवळायला लागायच्या आधी, शांत असतानाच परत ठेव. वळवळ सुरू झालीच तर हात सतरंजीवर टेकव, पकड सैल कर, दोन-चार सेकंद तो थांबला की पेटीत सोड. घट्ट आवळलंस तर भीती वाढते. वळवळताक्षणी दर वेळी सोडलंस तर तो वळवळायलाच शिकतो.

खाल्ल्यावर दोन तास उचलायचं नाही. कात टाकताना त्याला स्पर्श नकोसा असतो, आणि सुटत आलेली कात सोलायची तर मुळीच नाही. दिवा विझल्यावर पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढू नकोस. हाताळून झाल्यावर साबणानं हात धू. त्याच्या अंगावर साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात द्यायचा नाही, आणि स्वयंपाकघरात न्यायचा नाही.

आता उन्हाळ्याचं, कारण पुस्तकं थंड देशात लिहिलेली असतात. त्यात पेटी गरम कशी करावी हे असतं, आपल्याकडे मे महिन्यात ती गार कशी ठेवावी हा प्रश्न असतो. पारा ४२-४३ वर गेला की खोलीच ३६-३७ होते आणि थंड बाजू उरतच नाही. वाळवंटातला प्राणी आहे, सोसेल, असं म्हणू नकोस. तिथे तो दुपारी सावलीत, बिळात जातो, पेटीत जाणार कुठे? खोली ३४-३५ च्या वर गेली की शेकायचा दिवा बंद, यूव्हीबी चालू. कूलर खोलीत लाव, झोत पेटीवर नको. हाताळणी सकाळी आठ-नऊच्या सुमाराला उरकून घे. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत मात्र कूलरचं पाणी बंद ठेव आणि नुसता पंखा चालव, नाहीतर छाती भरते. आंघोळीचं पाणी कोमट, ३२-३५ अंश, खांद्यापर्यंतही नको इतकंच उथळ. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं दुपारचं पाणी कातडी पोळेल इतकं तापतं, म्हणून बादलीत काढून मोजल्याशिवाय वापरू नकोस.

कोवळ्या उन्हात वीस मिनिटं न्यायला हरकत नाही, पण पट्टा बांधून आणि सावलीचा आडोसा जवळ ठेवून. घारी आणि मांजरं दोन्ही गच्चीवर येतात.

खरेदीची पावती जपून ठेव. आणि याच्या नादानं कुणी शेतातून घोरपड धरून आणायला सांगितलं तर स्पष्ट नाही म्हण. ती कायद्यानं संरक्षित आहे आणि पकडणं गुन्हा आहे.

सरड्यांचे डॉक्टर आपल्याकडे थोडे. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे सरपटणारे प्राणी कोण पाहतं हे जनावर ठणठणीत असतानाच फोन करून विचारून ठेव. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वेगळा घेऊन दर रविवारी, खाण्याआधी, वजन लिही. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टरांकडे न्यायला थांबू नकोस.

सध्या एवढं कर: पेटी टेबलावर घे, गन विकत आण, आणि दगडाचं व थंड बाजूचं तापमान सकाळी दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहाला असं आठवडाभर लिहून पाठव. ते आकडे आले की दिवा किती वॅटचा हवा ते सांगतो.