हिल्सडेलला प्रवेश मिळेल का? पालकांच्या प्रश्नांना उत्तरं

मिशिगनमधल्या हिल्सडेल कॉलेजबद्दल अमेरिकेतल्या मराठी पालकांचे प्रश्न अलीकडे वाढले आहेत. बहुतेकांचा समज एकच असतो: कॉलेज कॉन्झर्व्हेटिव्ह आहे, आपलं घरही त्याच विचारांचं आहे, म्हणजे निम्मं काम झालं. तसं मुळीच नाही. म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

मुलगी अकरावीत आहे. जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) ३.९, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) १४५०. प्रवेशाची शक्यता किती टक्के? (ट्रॉय, मिशिगन)

टक्केवारी कुणीही सांगू शकत नाही. इंटरनेटवरचे ‘चान्स कॅल्क्युलेटर’ तुमचा ईमेल पत्ता मिळवण्यासाठी असतात, ते बंद करा. अलीकडच्या वर्षांत अर्ज करणाऱ्यांपैकी साधारण पाचात एकाला तिथे प्रवेश मिळतो. मुलीचे गुण तिथे शोभणारे आहेत, पण तसेच गुण असलेल्या अनेकांना नकारही येतो. निकाल फिरतो तो निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं आणि मुलाखत यांवर. शाळेच्या काउन्सेलरला याच महिन्यात भेटा.

आम्ही हिंदू आहोत. ख्रिश्चन कॉलेजात अर्ज करून उपयोग आहे का? (एडिसन, न्यू जर्सी)

आहे. कॉलेज स्वतःला ख्रिश्चन म्हणवतं, पण विद्यार्थ्याकडून श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर सही मागत नाही. व्हर्जिनियातलं पॅट्रिक हेन्री कॉलेज ती मागतं. लोक या दोघांची गल्लत करतात. हिल्सडेल १८४४ मध्ये फ्री विल बॅप्टिस्ट मंडळींनी सुरू केलं आणि गुलामगिरीच्या त्या काळातही पहिल्यापासून कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि स्त्रिया यांना प्रवेश दिला. गुलामगिरीविरोधी कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस तिथे भाषणाला आले होते. मात्र बायबल आणि ख्रिस्ती विचार अभ्यासक्रमात पदोपदी भेटतील. मुलाला ते मनापासून वाचायचं आहे का, हे त्यालाच विचारा.

एफएएफएसए (केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा) फॉर्म भरला, तरी कॉलेज म्हणतं त्याचा उपयोग नाही. असं कसं? (शिकागो)

हिल्सडेल सरकारी पैसा घेतच नाही. १९८४ च्या ग्रोव्ह सिटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की विद्यार्थ्याला मिळणारी केंद्राची मदत हीसुद्धा कॉलेजला मिळालेली मदतच, आणि तिच्यासोबत सरकारी नियम येतात. त्यानंतर हिल्सडेलने ती मदतही नाकारली. पुढे मिशिगन राज्याचीही बंद केली. त्यामुळे पेल ग्रँट (केंद्राचं विद्यार्थी अनुदान) नाही, केंद्राचं विद्यार्थी कर्जही नाही. त्याऐवजी देणग्यांतून उभी राहिलेली कॉलेजची स्वतःची शिष्यवृत्ती असते आणि तिचा फॉर्म वेगळा असतो. तो लवकर भरा. दरवर्षी कुणीतरी एप्रिलमध्ये जागं होतं आणि मला फोन करतं. तोवर फार काही हातात राहिलेलं नसतं. एच-४ (एच-१बी व्हिसाधारकांच्या कुटुंबाच्या) व्हिसावर असलेल्या मुलांना केंद्राची मदत एरवीही मिळत नाही, त्यामुळे त्यांचं यात वेगळं नुकसान नाही. खर्चाचं गणित कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाशी बोलूनच मांडा.

एक कन्सल्टंट ‘कॉन्झर्व्हेटिव्ह प्रोफाइल’ तयार करून देतो म्हणतोय: प्रचारात इंटर्नशिप, कॉलेजच्या ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेटं, आणि निबंध. पैसे भरावेत का? (डॅलस)

भरू नका. आणि या प्रश्नावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

ते ऑनलाइन कोर्स मोफत आहेत, कुणीही करू शकतं. ‘इम्प्रिमिस’ हे कॉलेजचं नियतकालिकही लाखो घरांत फुकट जातं. जे फुकट आहे तेच हे लोक तुम्हाला विकतात. पण पैसे जातात ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट ही की सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडी टीव्हीवरच्या पन्नाशीतल्या पाहुण्याची वाक्यं घातली जातात. असे निबंध मी वाचले आहेत: पहिल्या परिच्छेदात करकपात, दुसऱ्यात कुटुंबव्यवस्था, आणि लिहिणारं पोर कुठेच नाही. प्रवेश समितीला हे कळत नाही असं समजू नका. निबंध एक सांगतो, इंग्रजीच्या शिक्षकांचं पत्र दुसरं, आणि मुलाखतीत ‘अलीकडे काय वाचलंस?’ या साध्या प्रश्नावर मुलगा गप्प बसतो. ज्या कॉलेजात दाखल होताना ऑनर कोडवर (प्रामाणिकपणे वागण्याच्या वचनावर) सही करायची, तिथे दुसऱ्याने लिहिलेला निबंध घेऊन जायचं?

तिथे पक्षाचे कार्यकर्ते घडवत नाहीत. विषय कुठलाही घ्या, होमर, प्लेटो, दांते वाचावे लागतात. अमेरिकन राज्यघटनेचा कोर्स रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही सक्तीचा आहे. ज्याला जाड पुस्तक घेऊन बसायला आवडतं आणि त्यावर वर्गात वाद घालायला आवडतं, त्याच्यासाठी ती जागा आहे. म्हणून या सुट्टीत मुलाच्या हाती ‘ओडिसी’ द्या. महिनाभरात त्यावर तो आपणहून काही बोलला, तर निबंधाला विषय मिळाला. पुस्तक टेबलावरच पडून राहिलं, तर ते कॉलेज तुम्हाला हवं आहे, त्याला नव्हे. त्याची राजकीय मतं तुमच्यापेक्षा वेगळी असतील, तर ती लपवायला लावू नका. चार वर्षं तिथे त्याला काढायची आहेत. मसुद्यावर कुणाची नजर हवी असेल तर शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवा. ते चुका दाखवतील, लिहून देणार नाहीत.

एसएटी द्यावी की सीएलटी? (ह्यूस्टन)

दोन्ही चालतात, एसीटी ही तिसरी प्रवेश परीक्षाही चालते. सीएलटी ही एसएटीसारखीच प्रवेश परीक्षा, पण १२० गुणांची असते, उतारे बरेचसे अभिजात ग्रंथांतले असतात आणि कॅल्क्युलेटर वापरता येत नाही. दोन्हींचा एकेक सराव पेपर घरी सोडवून बघा. महागडा क्लास त्यानंतर, तोही गरज वाटली तर.

मुलाला इंजिनिअरिंग करायचं आहे. (नोव्हाय, मिशिगन)

तिथे इंजिनिअरिंगची पदवी नाही. दुसरं कॉलेज बघा.

मुलगी पुण्यात बारावीला आहे. तिथे अर्ज करू शकेल का?

करू शकते. प्रवेश मिळाल्यावर कॉलेज आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रमाणपत्र) देतं, मग एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत. पहिल्या वर्षाचा खर्च कुठून येणार हे कागदावर दाखवावं लागतं. परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीबद्दल एजंटाला विचारू नका, प्रवेश कार्यालयाला थेट ईमेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबलात तर ते वर्ष गेलं.

अर्ली डिसिजनने अर्ज केला तर शक्यता वाढते म्हणतात. मुलीने कॅम्पस पाहिलेला नाही, तरी करू का? (कोलंबस, ओहायो)

नाही. अर्ली डिसिजन म्हणजे शब्द देणं: प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. न पाहिलेल्या गावासाठी तो कुणाच्या ऐकीव सल्ल्यावर देऊ नका. हिल्सडेल हे जेमतेम आठ हजार वस्तीचं गाव आहे. ॲन आर्बर शहर गाठायलाही गाडीने तास-दीड तास लागतो. तुम्ही शेजारच्याच राज्यात आहात. सप्टेंबरमध्ये वर्ग चालू असताना तिला घेऊन जा, एखाद्या तासाला बसू द्या, प्रवेश अधिकाऱ्याची वेळ आधी ठरवा. खोलीत तिला एकटीला जाऊ द्या.