वाचकांचे प्रश्न : राजीनाम्यावर सही झाली, आता काय?

सप्टेंबर 2025

प्रश्न : वकीलताई, मी भांडुपला राहते. मरोळच्या एका औषध वितरण कंपनीत जून 2014 पासून कामाला होते. चलान बनवायची, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या मागे लागायचं, संध्याकाळी स्टॉक जुळवायचा. तीन वर्षांपूर्वी पगारवाढीच्या ऐवजी ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ असं पद दिलं. पगार 34 हजार, त्यात बेसिक 16 हजार. गणपतीच्या दोन दिवस आधी, 25 ऑगस्टला, साडेचार वाजता एचआरने बोलावलं. टाइप केलेला राजीनामा टेबलावर तयार होता. ‘सही केलीत तर दोन महिन्यांचा पगार मिळेल. नाही केलीत तर टर्मिनेशन लावू, मग कुठेच नोकरी मिळणार नाही.’ घरी विचारते म्हटलं, तर फोन आधीच बाहेर ठेवायला लावला होता. मी सही केली. जागेवरचा माझा डबासुद्धा शिपायाने खाली आणून दिला. आता सगळे म्हणतात, सही केलीस, विषय संपला. शिवाय लेबर कोर्ट कारखान्यातल्या लोकांसाठी असतं म्हणे, आणि एका वकिलाने सुरुवातीचेच पन्नास हजार सांगितले. खरंच काही होऊ शकतं का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : डब्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. 1993 साली मी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते. माझाही राजीनामा असाच तयार होता, आणि तो माझ्याच मशीनवर टाइप केला होता. त्या मशीनचं एक अक्षर कायम अर्धं उमटायचं, त्यावरून ओळखलं. सही केली, घरी आले, आणि लाजेने पाच महिने कोणाकडे अवाक्षर काढलं नाही. पुढे कायदा शिकले तेव्हा कळलं, सहीने नुकसान केलं त्याहून जास्त त्या पाच महिन्यांनी केलं होतं. गप्प बसलेल्या माणसाने मर्जीने नोकरी सोडली असंच कोर्टाला दिसतं.

म्हणून हा अंक हातात पडेल त्याच दिवशी एक पत्र लिहा. वकिलाची वाट बघू नका. मराठीत लिहिलंत तरी चालेल : ‘दिनांक 25 ऑगस्ट 2025 रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास मला बोलावून, माझा फोन बाहेर ठेवायला लावून, आधी टाइप केलेल्या राजीनाम्यावर दबावाखाली माझी सही घेतली. मी राजीनामा दिलेला नाही. तो कागद मला मान्य नाही. मी कामावर यायला तयार आहे, मला रुजू करून घ्यावे.’ एवढंच. कोण किती वाईट वागलं ते त्यात लिहू नका. स्पीड पोस्टाने पाठवा, तेच ईमेलवरही टाका, पोस्टाची पावती जपून ठेवा. ‘आम्ही राजीनामा त्याच दिवशी मंजूर केला’ असं ते म्हणतील. म्हणू देत. तुम्ही दिलेला राजीनामा मागे घेत नाही आहात. तो राजीनामा नव्हताच, हे तुमचं म्हणणं आहे.

त्यांना ती सही एवढी का हवी होती ते पैशांत बघा. खर्च कमी करायचा म्हणून माणूस काढायचा तर त्याला कायद्यात कपात म्हणतात. तुमची सही घेतली तेव्हा, ऑगस्ट 2025 मध्ये, लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, 1947 च्या कलम 25 एफ प्रमाणे, वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला कपात करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो. हे पैसे काढतानाच द्यायचे असतात, मागाहून सवडीने नाही. तुमची वर्षं 11. ढोबळ हिशेबाने 17 हजार गुणिले 11 म्हणजे 1 लाख 87 हजार, आणि नोटिशीचे 34 हजार. एकूण 2 लाख 21 हजार. राजीनामा दिला की यातला एक रुपयाही लागू होत नाही. म्हणजे दोन महिन्यांच्या पगारात, 68 हजारांत, त्यांनी बाकीचे दीड लाख वाचवले.

लेबर कोर्ट फक्त कारखान्यातल्यांसाठी, हा समज कुठून आला कोण जाणे, पण मालकांना तो फार सोयीचा आहे. कायदा हाताने काम करणाऱ्याला कामगार मानतो तसा कारकुनी काम करणाऱ्यालाही मानतो. ऑगस्ट 2025 मध्ये लागू असलेली दहा हजारांची पगारमर्यादा देखरेखीच्या कामाला होती, कारकुनी कामाला नाही. पाटीवर ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ लिहिलंय का, यापेक्षा दिवसभर तुम्ही काय करत होता हे कोर्ट बघतं. कोणाची रजा मंजूर करायचात? कोणाला मेमो द्यायचात? नाही ना? मग तुमची चलानं हाच तुमचा पुरावा. लॅपटॉप गेला असला तरी फोन तुमच्याकडे आहे. ‘आज 14 चलान बाकी, लवकर करा’ असले मेसेज असलेला ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला नसाल तर सगळं आजच उतरवून घ्या. पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, बँकेचं स्टेटमेंटही काढून ठेवा.

दबाव होता हे शाबीत करायचं ओझं मात्र तुमच्यावर आहे, आणि ते हलकं नाही. त्या दिवशी आणखी कोणाला बोलावलं होतं? तीनचार जणांचे राजीनामे एकाच तारखेचे आणि शब्दाला शब्द सारखे निघाले, तर कोर्ट भुवया उंचावतंच. खाली आल्यावर घरी पाठवलेला पहिला मेसेज, त्याची वेळ, तोही पुसू नका.

आता दाद मागायची कुठे. आपल्या राज्यात दोन रस्ते आहेत. एक, वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन. तिथे समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि 45 दिवसांत तडजोड झाली नाही तर थेट कामगार न्यायालयात जायचं. ऑगस्ट 2025 मध्ये लागू असलेल्या 1947 च्या कायद्यात त्याला काढल्यापासून तीन वर्षांची मुदत होती. दुसरा, 1971 चा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा राज्याचा कायदा. आम्ही त्याला नुसतं ‘यूएलपी’ म्हणतो. यात तक्रार सरळ कामगार न्यायालयात होते आणि अंतरिम आदेशही मागता येतो, पण मुदत 90 दिवसांची. तुमचे 90 दिवस 23 नोव्हेंबरला भरतात आणि तो रविवार आहे. मधे दिवाळीची सुट्टी. उशीर सबळ कारणाने माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका. एकाच गोष्टीसाठी दोन्हीकडे जाता येत नाही. तुमच्या जागी मी असते तर यूएलपीच केली असती, कारण तुम्ही त्यांच्या पगारावर होता याबद्दल वाद नाही.

पन्नास हजारांचं म्हणाल, तर ते देण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन केलात तरी माहिती मिळेल. मोफतचा वकील म्हणजे हलका, असं आमच्याच बार रूममधले काही जण बोलतात. मी तसे खटले चालवलेत, त्यामुळे मला हे बोलणं लागतं.

ग्रॅच्युइटी याहून वेगळी, ती राजीनामा दिला तरी मिळते. बेसिक 16 हजार गुणिले 15 दिवस, भागिले महिन्याचे कामाचे 26 दिवस, गुणिले 11 वर्षं : 1 लाख 1 हजार 538 रुपये. 30 दिवसांत द्यायची असते. ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर सही करायची वेळ आली तर वर स्वतःच्या हाताने लिहा : ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारले.’ लिहू देत नसतील तर सही नको. पहिल्या वेळी फोन बाहेर ठेवलात, या वेळी सोबत माणूस न्या.

आणि मधल्या काळात दुसरी नोकरी मिळाली तर खुशाल घ्या. केस त्याने पडत नाही, मागच्या पगाराचा आकडा कमी होतो इतकंच. काढणं बेकायदा ठरलं तर कामावर परत घेणं आणि मागचा पगार देणं हाच सर्वसाधारण नियम, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दीपाली सुरवसे या शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलं. प्रत्यक्षात माझ्याकडचे बहुतेक खटले तडजोडीच्या रकमेवर मिटले, तेही तीनचार वर्षं तारखा घेऊन. त्या टेबलावर पुन्हा बसायची तुमची इच्छा आहे का, हे तुम्ही ठरवा. ते मी सांगू शकत नाही.

प्रश्न : पवईला आयटी कंपनीत मॅनेजर होतो, हाताखाली 18 जण, माणसं घ्यायचा-काढायचा अधिकार माझा. एका ईमेलवर घरी बसवलं. मलाही हेच लागू का?
— एक वाचक, पवई

उत्तर : नाही. तुमच्या अधिकारांचं वर्णन तुम्हीच केलंत, त्यामुळे कामगार न्यायालयाचं दार बंद. दिवाणी कोर्ट मालकाला सहसा ‘याला परत घ्या’ म्हणत नाही. नेमणूकपत्रातला नोटिशीचा कालावधी बघा. तेवढा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे करारानुसार मागता येतात, दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी मॅनेजरलाही मिळते. आणि त्या 18 जणांपैकी कोणाला तुमच्या सहीने काढलं असेल, तर वरचं उत्तर त्यांना पाठवा.