दोघींची सही

प्रिय पोरी,

तुझा निरोप मी दोनदा ऐकला. पहिल्यांदा ऐकताना मागं बसस्टँडचा गोंगाट होता, अर्धं समजलं नाही. रात्री परत लावला. वकील म्हणतात, समान पगारासाठी एकटीची याचिका टाका खंडपीठात. संघटनेच्या ताई म्हणतात, थांब, सगळ्यांचं मिळून करू. आणि तुझ्याच आरोग्य उपकेंद्रातली कायम सिस्टर म्हणते, मला यात ओढू नको. मग मी कुणाचं ऐकू, असं तू विचारलंस.

धीर धर वगैरे मी लिहिणार नाही. लाईट गेलेली असताना मोबाईलच्या उजेडात बाळंतपण केलेल्या पोरीला धीर काय शिकवायचा? मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. मागणीच्या कागदावर दोघींची सही पाहिजे. तुझी आणि तिची. कंत्राटीची आणि कायमची.

का, ते सांगते. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि पुढं उपकेंद्रावर दुसरी एएनएम, म्हणजे तुझ्यासारखी नर्स आली, कंत्राटी. पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, त्यात आता दोन बायका. एक जिल्हा परिषदेची, तिला वेतन. दुसरी अभियानाची, तिला मानधन. हजेरीपत्रकं दोन, पण रजिस्टर एकच! दिवाळी झाली की आपल्याकडच्या वस्त्या-तांडे ओस पडतात, माणसं कोयता घेऊन कारखान्याला जातात. कुणाच्या लेकराचा पेंटा लसीचा दुसरा डोस राहिला, कोणती गरोदर बाई सातव्या महिन्यात फडावर गेली, हे त्या एकाच रजिस्टरमध्ये असतं. अर्धी पानं तुझ्या अक्षरात, अर्धी तिच्या. व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये चार आईसपॅक ज्या हातानं बसवले तो हात कंत्राटी की कायम, हे लेकराला टोचल्यावर कुणी सांगून दाखवावं.

आता कायद्याचं. 26 ऑक्टोबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात सांगितलं की कायम माणसाचंच काम करणाऱ्या तात्पुरत्या माणसाला त्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन मिळालं पाहिजे. कमी पगारावर कुणी हौसेनं राबत नाही, घरच्यांच्या पोटासाठी स्वाभिमान गिळून राबतो, अशा अर्थाचंही त्यात आहे. एवढं तुला वकिलानं सांगितलं असेलच. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितली का? काम समान आहे हे सिद्ध करायची जबाबदारी मागणाऱ्यावर आहे. म्हणजे तुझ्यावर. आणि ते सिद्ध करायला तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईपेक्षा मोठा साक्षीदार कोण? तू एकटी गेलीस तर समोरून एकच वाक्य येईल, कामाचे स्वरूप व जबाबदारी भिन्न आहे. मग तू कागद शोधत फिरशील.

हे वाक्य मी कायद्याच्या पुस्तकातून काढलेलं नाही. मी ते एका पोरीच्या हातातल्या पत्रावर वाचलं आहे.

मी 1988 ला लागले. 2008 मध्ये माझ्या उपकेंद्रावर ती पोरगी आली, कंत्राटी. एका खोलीत, एका टेबलाला आम्ही सहा वर्षं काढली. 2012 मध्ये तिनं समान वेतनासाठी अर्ज केला आणि मला म्हणाली, बाई, आपण दोघी एकच काम करतो एवढं दोन ओळीत लिहून द्या. मी तेव्हा आमच्या कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनेची तालुक्याची पदाधिकारी होते. सभेत बोलायचे, मोर्चात पुढं असायचे. मी म्हणाले, बघू. पंधरा दिवसांनी परत म्हणाले, बघू. संघटनेत विषय काढला, तर वरचे म्हणाले की कंत्राटींचा प्रश्न आपल्या अजेंड्यावर नाही. मी गप्प बसले. तिच्या अर्जाचं उत्तर आलं, त्यात ते वाक्य होतं. पुढं दीडेक वर्षानं ती पुण्याला खाजगी दवाखान्यात गेली. माझ्याशी भांडली नाही. शेवटच्या दिवशी तांड्यावरचं लसीकरणाचं सत्र होतं, तेही तिनंच उरकलं.

मला माझी बाजू सांगू दे. 24 वर्षं भरली होती, कालबद्ध पदोन्नतीच्या दुसऱ्या लाभाचा माझा प्रस्ताव टेबलावर होता. गोपनीय अहवालात एक वाईट शेरा आला असता तर तो अडकला असता. मुलगा लातूरला शिकायला, खोलीभाडं, मेस, क्लास. घरी कमावणारी मी एकटी. माझ्या जागी दुसरी कुणी असती तरी तिनं हेच केलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. आजही त्यातला शब्द न् शब्द खरा वाटतो. पण दोन ओळी होत्या गं. दोन ओळीच होत्या.

म्हणून तुझ्या त्या सिस्टरला शिव्या देऊ नको. ‘तिला सगळं बसल्या जागी मिळतं’ असं तू म्हणालीस, ते मला आवडलं नाही. तिला जे मिळतं ते कुणी फुकट दिलेलं नाही. 1977-78 ला राज्यातले कर्मचारी 54 दिवस संपावर होते. आमच्या आधीच्यांनी चुली विझवून जे मिळवलं त्यावर आम्ही बसलो आणि खालची शिडी ओढून घेतली, हे मात्र खरं. ती घाबरलेली आहे. घाबरलेल्या बाईशी भांडून सही मिळत नाही. तिच्या घरी जा, चहा पी, तिला काय भीती आहे ते विचार. तिच्या संघटनेनं लेखी ठराव दिला तर ती एकटी पडत नाही. तो ठराव आणणं हे तुझ्या संघटनेच्या ताईंचं काम आहे. त्यांना तसं तोंडावर सांग. वर्गणी घेऊन फक्त मोर्चाची गाडी ठरवायची, याला पाठिंबा म्हणत नाहीत. प्रत्येक उपकेंद्रातून दोघींच्या कामाची यादी तयार करायची, रजिस्टरच्या पानांच्या प्रती काढायच्या, मुख्यालयी राहायचे आदेश, आढावा बैठकीची पत्रं, प्रशिक्षणाचे आदेश, जिथं जिथं दोघींची नावं एका खाली एक आहेत ते सगळं गोळा करायचं. युनियनचं खरं काम हे आहे, आणि ते कंटाळवाणं आहे.

अजून एक, कारण तू दोन गोष्टींचा काला करते आहेस. कायम होणं वेगळं, समान पगार वेगळा. कायम करून घेण्याच्या वाटेवर 10 एप्रिल 2006 चा सर्वोच्च न्यायालयाचा उमादेवी निकाल धोंड्यासारखा पडलेला आहे, नुसतं कंत्राटावर राबलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही असं सांगणारा. 14 मार्च 2024 ला दहा वर्षं झालेल्या कंत्राटींना कायम सेवेत घेण्याचा, म्हणजे समायोजनाचा, शासन निर्णय निघाला, आणि त्याच्याच अंमलबजावणीसाठी 19 ऑगस्ट 2025 पासून तुम्हाला पुन्हा संपावर बसावं लागलं. तुझी तर दहा वर्षं भरायलाच अजून चार आहेत. तोवर पगाराची मागणी त्या रांगेत का उभी करतेस? ती आजची आहे, रजिस्टरच्या प्रत्येक पानागणिक तयार होते. तिचा अर्ज वेगळा कर. आणि त्यावर, परत सांगते, दोघींची सही.

याचिका टाकूच नको असं मी म्हणत नाही. टाका. पण तालुक्यातल्या जोड्या-जोड्यांनी टाका. ज्या कायम बाया नोकरीच्या भीतीनं शपथपत्र देणार नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही निवृत्त आहोत. माझं पेन्शन आता कुणी अडवत नाही, म्हणून मला आता धाडस आलं, असं तुला वाटेल. वाटू दे. 2008 ते 2014 माझ्या उपकेंद्रावर दोघी एकच काम करत होतो असं शपथपत्र मी करून देते. ज्या पोरीला ते हवं होतं तिलाही फोन केला होता. तिनं उचलला, बोलली, मुलांचं विचारलं. त्या विषयावर आम्ही दोघी काही बोललो नाही.

तुझ्या सिस्टरला सांग, मी भेटायला येते. तिच्याच घरी बसू, तू पण ये. कोऱ्या कागदाला घाबरू नका म्हणावं, मसुदा मी लिहून आणते, वाचून बघा, शब्द बदलायचे तर बदला. फक्त मंगळवारी नको, तुमचं सत्र असतं.

तुझी,
बाई