एकच गेम धरून स्ट्रीम करावं, की रोज वेगवेगळे गेम खेळावेत?

तू लिहिलंयस की निपाणीत राहतोस, वय 19, वर्षभर फोनवरून बीजीएमआय (पबजी मोबाईलची भारतातली आवृत्ती) स्ट्रीम करतोस, रात्री 40 च्या आसपास लोक येतात, आणि आता कंटाळा आलाय म्हणून रोज वेगळा गेम घ्यावा का असा प्रश्न पडलाय. वयानं धाकटा आहेस म्हणून अरे-तुरे करतो.

लगेच सोडू नकोस. पण बीजीएमआय म्हणजेच आपलं चॅनल, असंही समजू नकोस. मी तसं समजून बसलो होतो.

28 जुलै 2022 च्या संध्याकाळी सरकारच्या आदेशानं बीजीएमआय प्ले स्टोअरवरून गेला. बेळगावात त्या दिवसांत पावसानं झोडपलेलं असतं, मी घरीच होतो. ज्यांच्या फोनमध्ये गेम आधीच होता त्यांचा चालू राहिला, पण नवीन माणूस यायचा बंद झाला. माझ्याकडे 60-70 जण लाईव्ह असायचे, ते दोन महिन्यांत 15 वर आले. गेम परत आला तो 2023 च्या मे महिन्याच्या शेवटी. त्याआधी 2020 च्या सप्टेंबरमध्ये पबजी मोबाईल असाच बंदीत गेला होता, 2022 च्या फेब्रुवारीत फ्री फायर हा तसलाच गेम. फोनवरच्या एकाच गेमवर सगळं उभं करणाऱ्यानं हे विसरू नये.

तरीही सुरुवात एकाच गेमनं करावी असं मी म्हणतो, कारण ओळखीचा गेम खेळताना हात आपोआप चालतात आणि तोंड मोकळं राहतं. विमानातून उडी मारायची, लूट गोळा करायची, नकाशावरच्या सुरक्षित झोनकडे पळायचं, हे डोक्याला ताण न देता होतं, त्यामुळे चॅट वाचता येतं, नावानं हाक मारता येते. नवीन गेम घेतलास की तुझे पहिले दोन तास बटणं शोधण्यात जातात आणि तू गप्प होतोस. गप्प बसलेल्या माणसाचं स्ट्रीम कोण बघणार? बोलायची सवय अंगात मुरेपर्यंत ओळखीचा गेम सोडू नये.

दुसरं कारण, यूट्यूब प्रत्येकाला त्यानं आधी काय बघितलं त्यावरून व्हिडिओ दाखवतं. बीजीएमआयसाठी सबस्क्राईब केलेल्या पोराला तू माइनक्राफ्ट दाखवलंस तर तो दाबत नाही, आणि वारंवार असं झालं की तुझं बीजीएमआयसुद्धा त्याच्यापुढं कमी येऊ शकतं. ट्विच या लाईव्ह स्ट्रीमच्या साईटवर उलटी अडचण. तिथं एखादा गेम उघडला की बहुतेक वेळा जास्त प्रेक्षकवाले वर असतात, म्हणजे मोठ्या गेममध्ये लहान माणूस पार तळाला. तिथं कमी लोक खेळतात असा गेम घेतलेला बरा.

आता ते 15 जण का राहिले ते सांगतो, कारण माझं उत्तर तिथंच आहे.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. खाली माग चालतात, मी वरच्या खोलीत बसतो. सुरुवातीला मी हिंदीत बोलायचो आणि मागाचा आवाज येऊ नये म्हणून ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉईज सप्रेशन, म्हणजे मागचा आवाज दाबणारा फिल्टर, लावायचो. गेम गेल्यावर एका रात्री माइनक्राफ्ट लावलं, फिल्टर लावायला विसरलो, आणि निराश होतो म्हणून घरच्यासारखा मराठीतच बोलत बसलो. कुणीतरी विचारलं, मागं खडखड कसली? मी सांगितलं, माग आहेत, साड्या विणतात. मग तासभर तेच. खानापूरचा एक जण, इचलकरंजीचा एक, ज्याच्या घरी माग आहेत, आणि एक बाई, ज्यांचं माहेर शहापूरचं आणि त्या आता पुण्यात असतात. मधेच लाईट गेली. राऊटर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिले, खालचा आवाज मात्र एकदम बंद. चॅटमध्ये लगेच आलं, "माग थांबला की ओ! लाईट गेली काय?" त्या दिवसापासून फिल्टर काढला तो काढलाच. हिंदीही सोडली. आमची 'की' आणि 'ओ' वाली मराठी, मधेमधे कानडी, तशीच बोलतो.

मागावर कांडी बदलली की आडव्या धाग्याचा रंग बदलतो, त्याला एक क्षण लागतो. उभ्या धाग्यांचं बीम बदलायचं तर एकेक धागा जोडत दिवस जातो. गेम ही कांडी आहे असं मला त्या रात्रीनंतर वाटायला लागलं. तुझं बीम कोणतं ते तुला शोधायला हवं. तुझी भाषा असेल, तुझी समजावून सांगायची पद्धत असेल, किंवा चौघा दोस्तांची टोळी असेल.

म्हणून तू असं कर. सहा दिवस बीजीएमआय, रविवारी दुसरं काहीही. तुझ्या फोनला झेपेल ते घे, बुद्धिबळ घेतलंस तरी चालेल. दोन महिने रविवारी कोण येतं त्यांची नावं वहीत लिही. आकडा घसरेल, घाबरू नकोस, नावं बघ. तीच दहा-बारा नावं परत परत दिसली तर मग आठवड्यातला आणखी एक दिवस काढ. कुणीच परत आलं नाही तर गेम बदलून उपयोग नाही, आधी बोलणं सुधार. रेकॉर्डिंग डिलीट करू नकोस, पब्लिक ठेव. यूट्यूबच्या जाहिरातीच्या पैशांसाठी 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास लागतात, ते तास पब्लिक व्हिडिओचेच धरतात.

पैसे लावून खेळायच्या ॲपची जाहिरात कुणी देऊ केली तर घेऊ नकोस. 2025 च्या कायद्यानं तो खेळही बंद आणि त्याची जाहिरातही.

कंटाळ्याबद्दल एक. तो बहुतेक वेळा रँकचा असतो. सीझन संपला की रँक खाली येते आणि पुन्हा तेच चढणं. महिनाभर रँक सोडून दे, बघायला येणाऱ्यांना टीममध्ये घे, आणि मग ठरव.

रविवारी किती वाजता लाईव्ह असतोस ते खाली लिही. मी येऊन बसतो.