कॉम्प्युटरवरचे रिस्टोअर पॉइंट आपोआप गायब का होतात?

तुम्ही लिहिलंय की रिस्टोअर पॉइंट (काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत मागे नेता यावं म्हणून केलेली खूण) स्वतः हाताने बनवता, आठ-दहा दिवसांनी बघता तर यादी रिकामी, आणि घरचे म्हणतात, "तूच काहीतरी दाबलं असशील." हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसले. हेच वाक्य मी आमच्या घरात सहा महिने ऐकलंय.

गेलेले पॉइंट परत येत नाहीत, त्यांचा नाद सोडा. पुढचे कसे टिकतील तेवढं बघायचं.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते आणि घरूनच चादरी-टॉवेलची जेकार्ड डिझाईनं, म्हणजे विणतानाच कापडात उमटणारी नक्षी, करते. स्क्रीनवर नुसते चौकोन असतात. उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक फेरा. मोराच्या पिसाऱ्यात एक चौकोन चुकला की जितक्या वेळा तो मोर येतो तितक्या वेळा चूक कापडावर उमटते. हे डिझाईनचं सॉफ्टवेअर यूएसबीला डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. २०२२ च्या दिवाळीनंतर एका अपडेटमध्ये डोंगलचा ड्रायव्हर (विंडोजला डोंगल ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम) बदलला आणि सॉफ्टवेअर उघडेना. पार्टीला नमुना दोन दिवसांत द्यायचा होता. मी निर्धास्त होते, कारण दर सोमवारी रिस्टोअर पॉइंट बनवायची माझी सवय होती. विंडोज त्या पॉइंटवर मागे नेणारं सिस्टीम रिस्टोअर उघडलं तर एकही पॉइंट नाही.

त्या दिवशी दाजी घरी होते. आमच्याकडे कॉम्प्युटरमधलं त्यांना कळतं असं सगळे धरून चालतात. त्यांनी विचारलं, "रविवारी तू डिस्क क्लीनअप केलं होतंस ना?" केलं होतं. झालं, निकाल लागला. "त्यातच उडाले. आता फॉरमॅटच मारावा लागेल." आईनेसुद्धा मान डोलावली.

डिस्क क्लीनअपने रिस्टोअर पॉइंट जातात, हे खरं आहे. पण कधी? त्यातल्या 'मोअर ऑप्शन्स' टॅबमध्ये जाऊन सिस्टीम रिस्टोअरखालचं क्लीनअप मुद्दाम दाबलं तर. आणि तेव्हासुद्धा सगळ्यात ताजा पॉइंट विंडोज शिल्लक ठेवतं. माझ्याकडे एकही उरला नव्हता. म्हणजे हे काम माझं नव्हतं. मी हे तेव्हाच सांगितलं, कोणी ऐकलं नाही.

रात्री इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडलं. विंडोज लॉग्स, त्यात सिस्टीम, आणि सोर्सच्या रकान्यात 'व्हॉलस्नॅप' (Volsnap, शॅडो कॉपी सांभाळणारा विंडोजचा भाग; रिस्टोअर पॉइंट याच शॅडो कॉपीत साठतात) शोधायचं. गुरुवारी दुपारी एक वाजून गेल्यावर ३३ नंबरच्या नोंदी एकाखाली एक लागलेल्या होत्या. ३३ चा अर्थ, ठरवून दिलेल्या जागेत बसावं म्हणून सगळ्यात जुनी शॅडो कॉपी काढून टाकली. शेवटी एक ३६, म्हणजे मर्यादेमुळे जागा वाढवता आली नाही म्हणून उरलेलंही सोडून दिलं. गुरुवारी एक वाजता मी जेवत होते. मग कॉम्प्युटरवर काय चालू होतं? दाजींनी महिन्यापूर्वी 'स्पीड वाढवायला' बसवलेलं डीफ्रॅगमेंटचं, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे एकत्र लावणारं सॉफ्टवेअर. त्याचं वेळापत्रक उघडलं: दर गुरुवार, दुपारी १.

याने पॉइंट का जातात ते समजून घ्या, तुमच्याकडेही असंच काही निघेल. रिस्टोअर पॉइंटमध्ये अख्ख्या डिस्कची नक्कल नसते. विंडोज त्या क्षणाची खूण करतं, आणि पुढे डिस्कवरचा एखादा तुकडा बदलायची वेळ आली की जुना तुकडा आधी बाजूला काढून ठेवतं. बाजूच्या या कोठाराला मर्यादा असते. डीफ्रॅगमेंट करताना फायलीतलं अक्षरही बदलत नाही, फक्त तुकडे इकडचे तिकडे जातात, पण विंडोजला ते बदललेलेच दिसतात. डिस्कचं क्लस्टर (डिस्क जागा वाटते तो सगळ्यात लहान तुकडा) १६ केबीपेक्षा लहान असेल तर हा घोटाळा होतो, आणि घरच्या डिस्कवर ते सहसा ४ केबीच असतं. आमच्या सी ड्राइव्हला १०० जीबीतले २ टक्के, म्हणजे फक्त २ जीबी नेमून दिलेले होते. तासाभरात भरले.

मी ते सॉफ्टवेअर काढलं, मर्यादा १० टक्के केली आणि त्यानंतर महिनोन्‌महिने पॉइंट जागेवर राहिले. आणि फॉरमॅट? त्याची गरजच नव्हती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'रोल बॅक ड्रायव्हर'. पाच मिनिटांत सॉफ्टवेअर उघडलं. उठसूट फॉरमॅट मारणाऱ्याला मी जाणकार म्हणत नाही. तो नुसता वेळ वाचवतो, स्वतःचा. लॉगचा फोटो मी दाजींना दाखवला. "असेल," म्हणाले आणि चहा मागितला. घरात अजूनही ती गोष्ट "हिने उडवलं तेव्हा" अशीच सांगतात.

आता तुमचं. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा. सी ड्राइव्हसमोर 'ऑन' आहे का बघा. विंडोजची मोठी आवृत्ती बदलली की जुने पॉइंट जातात आणि हे बटण बंदही झालेलं सापडतं. कोणी एकदा बंद करून परत चालू केलं असेल तरी आधीचे सगळे गेले. मग 'कॉन्फिगर'मध्ये मर्यादा बघा. डिस्क काठोकाठ भरली असेल तर मर्यादा वाढवूनही उपयोग नाही, आधी जागा करा. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती असेल तर जून २०२५ च्या अपडेटनंतर पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवस टिकतात. त्याहून जुना गेला तर तो नियमानेच गेला, त्यासाठी घरात कोणाला बोलू नका.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. सिस्टीम रिस्टोअरने तुमचे फोटो, हिशेब, माझी डिझाईनं यातलं काहीच परत येत नाही. ते फक्त विंडोज, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम मागे नेतं. फायलींची नक्कल वेगळ्या डिस्कवर हवीच. आणि पॉइंट जाण्यासोबत फायलींची नावंही विचित्र झाली असतील, तर हे सगळं सोडा आणि आधी इंटरनेटची वायर काढा. खंडणी मागणारे व्हायरस शॅडो कॉपी मुद्दाम पुसतात.

तसं नसेल तर व्हॉलस्नॅपच्या नोंदीचा नंबर, वार आणि वेळ इथे खाली लिहा, आणि त्या वेळी कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं तेही. बघून सांगते.